चोर्ल्याच्या माथ्यावर थांबणारी बाटली

पहिला दिवस, शुक्रवार : बेळगाव

“किंग्ज? ती हितं न्हाई मिळत. चोर्ला उतरा, मंग मिळंल.”

कॅम्पातल्या वाईन शॉपच्या जाळीमागून हे उत्तर आलं आणि मी मित्राकडे बघितलं. सांगलीहून निघाल्यापासून आम्ही दोघं याच बाटलीबद्दल बोलत होतो. २००९ साली पाळोळेच्या किनाऱ्यावर, दुपारी दोनच्या उन्हात, आम्ही पहिल्यांदा गोव्याची किंग्ज प्यालो. हलकी, फिकट सोनेरी पिल्स्नर बिअर. जिभेवर कडूपणा टेकतो न टेकतो तोच निघून जातो. त्यानंतर पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात जिथे जिथे बसलो तिथे विचारलं. कुठेच मिळाली नाही. एप्रिलमध्ये टिळकवाडीतल्या मावसभावाचा, दादाचा, फोन आला, “काजू-फणस सुरू झालेत, या की चार दिवस,” तेव्हा मनात पहिला विचार आला तो हाच. बेळगावपासून गोव्याची हद्द चोर्ला घाटाच्या रस्त्याने साधारण पन्नास किलोमीटरवर. इथे नक्की मिळणार.

नाही मिळाली. खडेबाजाराच्या बाजूला विचारलं, तिसऱ्या रेल्वे गेटजवळ विचारलं. सगळ्यांना नाव माहीत, सगळ्यांनी ती प्यालेली, आणि सगळ्यांचा हात पश्चिमेकडे.

दादाकडे गेल्यावर कारण कळलं. दादाने पंचवीस वर्षं इथल्या बार आणि हॉटेलांचे हिशेब लिहिले आहेत. मित्राची तक्रार ऐकून त्याने स्वयंपाकघरातून दुसऱ्याच एका बिअरची रिकामी बाटली आणली आणि लेबल आमच्याकडे फिरवलं. फक्त कर्नाटकात विक्रीसाठी.

“तुमच्या कोल्हापुरात हीच बिअर मिळते, त्यावर महाराष्ट्र लिहिलेलं असतं. नाव एक, पण कागदोपत्री दोन वेगळ्या बाटल्या.”

मग त्याने नीट समजावलं. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात जी राज्यसूची आहे, तिच्या आठव्या नोंदीत दारूचं सगळं आलं. बनवणं, बाळगणं, नेणं, विकत घेणं, विकणं. एक्कावन्नाव्या नोंदीने तिच्यावरचं अबकारी शुल्कही राज्याकडे दिलं. पिण्याच्या दारूला जीएसटीसुद्धा लागत नाही. म्हणजे बिअरच्या दृष्टीने प्रत्येक राज्य हा एक वेगळा देश. गोव्याच्या कारखान्याला आपली बाटली बेळगावात ठेवायची तर इथे लेबलची नोंदणी हवी, आयातीचा परवाना हवा, त्यांची फी हवी. कर्नाटकात २००३ पासून घाऊक खरेदी-विक्री राज्याच्या बेव्हरेजेस महामंडळातूनच होते, त्यामुळे दुकानदाराला परस्पर माल आणता येत नाही. वर शुल्क. बिअरवरचं जादा अबकारी शुल्क जुलै २०२३ मध्ये १७५ टक्क्यांवरून १८५ वर गेलं, तेव्हा महिनाभर गिऱ्हाइकांनी काउंटरवर कसा वाद घातला ते दादाने सांगितलं.

“व्हिस्कीची पेटी हे सगळं सोसते. बिअर स्वस्त, जड, काचेतली, आणि काही महिन्यांत शिळी होणारी. लहान ब्रँडनं कशाला घाट चढायचा?”

मला हे ऐकून वाईट वाटलं, खरंच वाटलं. बेळगावची मुलगी गोव्यात देतात, डिचोलीची सून खानापुरात येते. घाटाखालचे मासे रोज पहाटे इथल्या बाजारात येतात. एवढं सगळं ये-जा करतं आणि एक बाटली वर येऊ शकत नाही.

संध्याकाळी वळीव आला. आधी लाल धूळ, मग टपोरे थेंब, मग अर्धा तास काहीच दिसेना. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे पाऊस थांबल्यावर अंगावर शाल घ्यावीशी वाटली. वहिनीने गरम भातावर कट आणि सोबत मांडे वाढले. मांडा पाटावर नाही, हातांवर फिरवून पसरतात आणि उपड्या घातलेल्या तापल्या भांड्यावर भाजतात. आत पिठीसाखर. घडी मोडताना कागदासारखा आवाज होतो. नंतर कुंदा. दूध आटवून आटवून तपकिरी केलेला, रवाळ, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागणारा.

बेळगावात राहणार असाल तर गणपत गल्लीत सकाळी अकराच्या आत जाऊन या, नंतर पाय ठेवायला जागा नसते. कुंदा निघायच्या दिवशी घ्या. आलेपाक मात्र केव्हाही घ्या, तो महिनाभर टिकतो. किल्ल्यातली कमल बस्ती अर्ध्या तासात बघून होते, पण छताचं दगडी कमळ बघायला मान वर करून पाच मिनिटं उभं राहा.

दुसरा दिवस, शनिवार : जांबोटी

वहिनीचं माहेर जांबोटीच्या पुढे, रस्त्यापासून आत. पिरनवाडी सोडलं की ऊस मागे पडतो आणि जंगल सुरू होतं. दादा गाडी चालवत होता, मित्र खिडकीतून नाक बाहेर काढून बसला होता. कालच्या पावसाने सगळीकडे ओल्या मातीचा आणि कसला तरी आंबूस गोड वास होता.

वास कशाचा ते काकांच्या परड्यात उतरल्यावर समजलं. पन्नासएक काजूची झाडं, आणि प्रत्येक झाडाखाली पिवळ्या-लाल बोंडूंचा सडा. वरचे ताजे, खालचे फुटलेले, त्यावर माश्या आणि मुंग्या. काकू आणि शेजारची एक बाई वाकून बी पिळून काढत होत्या. बी टोपलीत, बोंडू मागे.

“या, बसा की. च्या घेतासा न्हवं?” काका म्हणाले.

बोंडूंचं काय करता, असं मी विचारलं. “काय करणार? चार म्हशीस्नी घालतो. बाकीचं कुजतंय. बी तेवढी व्यापारी नेतोय.”

एक बोंडू उचलून चावला. रस हनुवटीवरून शर्टात. गोड, मग लगेच घसा आवळणारा तुरटपणा. काकूंनी मीठ आणून दिलं आणि मिठाबरोबर तो तुरटपणा बराच कमी झाला.

दुपारी जेवणात ओल्या काजूगरांची उसळ होती. हा पदार्थ या दिवसांतच खावा. ओली बी सोलणं हे भयंकर काम, सालीचा चीक हाताला लागला तर कातडी सोलवटते. काकूंच्या बोटांना तेल आणि राख चोपडलेली होती. सोबत तांदळाची भाकरी, कोवळ्या फणसाची भाजी, आणि तांब्याभर नाचणीची आंबील. आदल्या दिवशी भिजवून आंबवलेली, ताक आणि ठेचलेला लसूण घातलेली. उन्हातून आलेल्या माणसाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मित्र तिसरा पेला घेताना म्हणाला, “ही पण आंबवलेलीच की.” मी त्याच्या त्या वाक्याचा दिवसभर विचार करत राहिलो.

जेवणानंतर किंग्जचा विषय निघाला. काका पीत नाहीत. काकूंना दारूचा विषयच आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. कर्नाटकात पूर्वी पाकिटातली सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, मिळायची. खिशातले पैसे संपले की माणूस घरी यायचा, तोवर घरातले तांदळाचे पैसे गेलेले. १ जुलै २००७ पासून राज्याने सारायी बंद केली. “त्या सालापास्नं ह्या वाडीतल्या चार-पाच बाया तरी सुखानं झोपल्या,” काकू म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांनी मित्राकडे सरळ बघितलं. आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

मग काकाच म्हणाले, “उद्या घाट उतरतासा तर बिअरचं सोडा. हुर्राक बघून या, बोंडूची दारू. बोंडूचं काय होतंय ते तिकडं कळंल.”

संध्याकाळी परत वळीव. पडवीत बसून पागोळ्या बघत राहिलो. हे सगळं भीमगड अभयारण्याच्या शेजारचं रान. अभयारण्य २०११ मध्ये घोषित झालं. त्यातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनची मुक्तशेपटी वटवाघळं राहतात, फार थोड्या ठिकाणी उरलेली. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढून ठेवा. आम्ही काढली नव्हती, म्हणून गेलो नाही.

तिसरा दिवस, रविवार : कणकुंबी, चोर्ला, केरी

सकाळी सात वाजता निघालो. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी थांबलो. इथे मलप्रभा उगम पावते. एप्रिलमध्ये कुंडात थोडंसं पाणी, त्यात तीन-चार पानं तरंगत होती. हे पाणी पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. आणि याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला वळून गोव्यात उतरते, तिथे मांडवी होते. म्हादईच्या पाण्यावरून तीन राज्यं वर्षानुवर्षं भांडत आहेत. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असा निवाडा दिला, तरी भांडण संपलेलं नाही. पुजारीबुवा आमच्याशी मराठीत, एका मोटारसायकलवाल्याशी कानडीत आणि फोनवर कोणाशी तरी कोकणीत बोलले, तेही पाच मिनिटांत.

कणकुंबीनंतर कर्नाटकाचा तपासणी नाका. जाताना कोणी विचारत नाही. विचारतात ते येताना.

चोर्ल्याचा घाट उतरताना हवा बदलते ती कानांना कळते. वर वारा, खाली दमट. रस्ता मध्ये मध्ये उखडलेला होता, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहिली. मोबाईलची रेंज कणकुंबीनंतर जाते ती पायथ्याशी केरीजवळ परत येते. नकाशा आधी उतरवून ठेवा आणि पेट्रोल बेळगावातच भरा. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर घाटात शिरू नका.

पायथ्याशी पहिल्या बारमध्ये किंग्ज संपली होती. दुसऱ्यात होती, पण गार नव्हती. तिसरं ठिकाण म्हणजे घराचीच पुढची पडवी. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, भिंतीवर देवाचा फोटो आणि ताजा अबोलीचा गजरा. मालकीणबाईंनी बर्फातून दोन छोट्या बाटल्या काढल्या, पदराने पुसल्या आणि समोर ठेवल्या.

तीच होती. सोळा-सतरा वर्षांत चव बदललेली नव्हती, की आमच्या जिभा बदललेल्या नव्हत्या, कोण जाणे. दाण्याचा हलका गोडवा, मग किंचित कडू, मग काही नाही. फक्त गारवा. अशा दमट हवेत, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना, जड बिअर दोन घोटांत नकोशी होते. ही होत नाही. पुण्याच्या थंड, वातानुकूलित खोलीत हीच बाटली मला इतकी आवडली असती का? मला वाटतं, नसती. तिला हा घाम लागतो.

मित्र गप्प बसून पीत होता. बर्फाच्या पाण्याने लेबल सुटलं होतं. त्याने ते नखाने अलगद, न फाडता काढलं आणि गुडघ्यावर वाळत ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, फक्त गोव्यात विक्रीसाठी.

दादाने घोटही घेतला नाही. घाट चढून गाडी त्यालाच न्यायची होती. इथे येणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. चालवणारा आधी ठरवा, आणि त्याला आग्रह करू नका.

मग मालकीणबाईंनी विचारलं, “हुर्राक घेतात? आमच्या घरचो. पिवन पळयात.”

स्टीलच्या पेल्यात, वर लिंबू पिळलेलं, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का. पहिला वास थेट काकांच्या परड्याचा. तोच आंबूस गोड. पण तोंडात तुरटपणा नाही, घसा आवळत नाही. आधी फळ, मग मिरची, मग पोटात सावकाश पसरणारी ऊब. मी पेला खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलू शकलो नाही. जांबोटीत म्हशी खात होत्या तेच हे फळ होतं.

भट्टी बघायची आहे म्हटल्यावर बाईंचा मुलगा आम्हाला घरामागच्या डोंगरावर घेऊन गेला. हुर्राकासाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपसूक पडलेलेच वेचतात. बी काढून बोंडू खडकात खोदलेल्या उथळ कुंडात पायांनी तुडवतात. तो रस मडक्यांत भरून दोन-तीन दिवस ठेवतात. बाहेरचं काही घालावं लागत नाही, फळ आपलं आपण आंबतं. मग तांब्याच्या भांड्यात उकळून वाफ नळीतून दुसऱ्या, पाण्याने गार ठेवलेल्या भांड्यात नेतात. एकदा गाळलं की हुर्राक. साधारण पंधरा टक्के अल्कोहोल, म्हणजे बिअरच्या तिप्पट, तेव्हा बिअरसारखा पिऊ नका. तोच पुन्हा गाळला की फेणी, चाळिशीच्या पुढची.

तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने बांधून वर दगड ठेवलेला होता. त्यातून थेंब थेंब गळणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो. तो आंबण्याआधी पितात, त्यात अल्कोहोल नसतं. दादाने दोन पेले नीरो घेतला आणि म्हणाला, “माझी सहल झाली.” नीरो हवा असेल तर सकाळी लवकर या. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो.

मी त्या मुलाला विचारलं, हे बेळगावला का नाही मिळत? मला दादाचं उत्तर अपेक्षित होतं. लेबल, परवाना, शुल्क. तेही आहेच. गोव्यात हंगामाआधी अबकारी खातं काजूच्या झोनांचा लिलाव करतं, भट्टीला परवाना लागतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, २०१६ मध्ये गोव्याने तिला वारसा पेय ठरवलं. फेणी बाटलीत भरून कितीही वर्षं ठेवता येते, पण पहिल्या गाळपाच्या हुर्राकाची गोष्ट वेगळी.

“हो उरना,” मुलगा म्हणाला. “पावस पडलो की सोंपलो.”

मार्च ते मे. तेवढेच दिवस. ठेवला तर चव जाते, मग त्याची फेणीच करायची. किंग्जला घाट चढू न देणारी माणसं आहेत, आणि तो कायदा उद्या बदलूही शकतो. हुर्राकाला थांबवणारं झाड आहे आणि पाऊस आहे. इतकी वर्षं मी ज्या बाटलीमागे धावत होतो ती न मिळण्यामागे कागद होते. आज जे हाती लागलं त्याच्यासाठी कागद पुरणारच नव्हते, त्याच्यासाठी इथे, या दिवसांत यावंच लागतं. ओढ कशाची असते हे मला त्या डोंगरावर, धुराने डोळे चुरचुरत असताना जरा कळल्यासारखं झालं.

बाटली बरोबर घेऊ नका, एकही नाही. परवान्याशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात नेणं गुन्हा आहे आणि नाक्यावर डिकी उघडायला लावतात. आमचीही लावली. आतमध्ये एक फणस आणि ओल्या छत्र्या. शिपायाने फणस ठोकून बघितला आणि म्हणाला, “दोन दिवस थांबा, पिकंल.” मित्राच्या खिशातल्या डायरीत लेबल होतं. ते त्याने आपणहून दाखवलं. शिपायाने उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं.

चौथा दिवस, सोमवार : परत

रात्री काकांकडेच झोपलो. काल संध्याकाळी पोचल्यावर काकूंनी तोंडाचा वास आला की नाही ते न विचारता जेवायला वाढलं, त्याची मला अजून जाणीव आहे. मी त्यांना भट्टीचं सगळं सांगितलं. बोंडू कसे वेचतात, कसे तुडवतात, त्या घरात आज तिसरी पिढी हे करते. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “तिकडच्या बायका काय म्हणतात?” मी विचारलं नव्हतं. पुढच्या खेपेला नक्की विचारणार आहे.

काकांना मात्र नीरोचं फार वाटलं. “दारू नको. पण रस तरी काढता येईल की हो.” सकाळी साडेसहाला त्यांनी मला उठवलं. झाडाखाली रात्रीत पडलेले बोंडू अजून दवाने गार होते. फुटलेले बाजूला केले, चांगले बादलीभर वेचले. भट्टीसारखं कुंड नव्हतं, म्हणून काकूंचं धुणं धुवायचं दगडी भांडं घासून घेतलं. मित्र आणि मी हातांनी पिळत बसलो, काकूंनी रस फडक्यातून गाळला. तुरटपणा जावा म्हणून त्यांनी त्यात भाताची पेज घातली, खाली गाळ बसेपर्यंत थांबल्या, आणि वरचा निवळ रस अलगद ओतला. मीठ, थोडी जिऱ्याची पूड.

दादा म्हणाला, डबा भरून घेऊ, वहिनीला आणि मुलांना नेऊ. काकूंनी मान हलवली. बेळगावला पोचेस्तोवर ऊन होईल, टोपण उडेल.

मग आम्ही पाचही जण पडवीच्या पायरीवर बसलो आणि बादली तिथेच संपवली.